पडदा आधी, चिप नंतर

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी रांग लागते, तेव्हा शेतकऱ्याचं लक्ष किटलीपेक्षा आकड्यांवर जास्त असतं. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. भूम-वाशीचा खवा ज्या दुधाचा होतो, त्याचा हिशेब याच टेबलावर ठरतो. अशा केंद्रासाठी बटणांच्या डब्याऐवजी टचस्क्रीनचं यंत्र बनवायचं मनात आलं, की इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली पोरं पहिला प्रश्न विचारतात, “प्रोसेसर कुठला घ्यायचा?” या धंद्यात हात पोळलेले लोक मात्र सुरुवात पडद्यापासून करतात.

त्याला कारण साधं गणित आहे. सात इंची पडद्यावर बहुधा 800 बाय 480, म्हणजे 3,84,000 ठिपके असतात. एका ठिपक्याला दोन बाइट धरले, तर एका चित्राला 7,68,000 बाइट लागतात, आणि पडदा स्थिर दिसायला ते चित्र सेकंदाला साठेक वेळा पुरवावं लागतं. सी-डॅकच्या वेगा मालिकेतली ‘तेजस 32’ ही देशी चिप 100 मेगाहर्ट्झची, आणि तिच्यात मेमरी 256 किलोबाइट. सेन्सर वाचायला, मोटर चालवायला ती छान. सात इंचांचं एक चित्रही तिच्यात मावत नाही. पडदा 480 बाय 272 चा घेतला तर चित्र 2,61,120 बाइटचं होतं आणि उरतात फक्त 1,024 बाइट. तेवढ्यात प्रोग्रॅमने वावरायचं कुठं? एसटीएम 32 एफ 429 मध्येही आतली मेमरी 256 किलोबाइटच, पण पडदा चालवणारा कंट्रोलर चिपमध्येच आहे आणि बाहेरून मोठी मेमरी जोडायची सोय आहे. घड्याळाच्या मेगाहर्ट्झपेक्षा हा फरक मोलाचा.

दुसरी परीक्षा मराठीची. ती परदेशी डेमोत कधीच येत नाही.

‘किसन’ हे नाव मेमरीत क, मग वेलांटी, मग स, न असं साठवलेलं असतं; पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी यायला हवी. लहान मायक्रोकंट्रोलरवरच्या बऱ्याच ग्राफिक्स लायब्ररी एकामागून एक अक्षर मांडत जातात. मग वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि ‘ज्ञानेश्वर’चे पाय मोडतात. ‘फॅट’, ‘रक्कम’ असे ठरलेले शब्द चित्र म्हणून साठवता येतात, पण सभासदांची नावं शेकड्यांनी असतात आणि नवी भरती चालूच असते. लिनक्स किंवा अँड्रॉइड घेतलं तर जोडाक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी आयती मिळते. म्हणजे नुसत्या नावांपायी प्लॅटफॉर्म बदलू शकतो. नावं इंग्रजीत दाखवू म्हणणाऱ्याने आधी केंद्रचालकाला विचारावं.

लिनक्सचे लाड मात्र पुरवावे लागतात. मायक्रोकंट्रोलर लाईट आल्याबरोबर कामाला लागतो. लिनक्सला, नीट छाटलं नाही तर, बरेच सेकंद लागतात आणि तोवर रांग खोळंबते. नोंद लिहिताना लाईट गेली तर फाइल बिघडू शकते. म्हणून मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती ठेवायची, नोंदींना वेगळा कप्पा द्यायचा आणि चार सेकंद तग धरेल एवढी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर बसवायचा.

नोंदींचा अतिरेक काय करतो, हे टेस्लाने दाखवलं. मॉडेल एस आणि एक्सच्या जुन्या गाड्यांत एनव्हिडियाचा टेग्रा 3 आणि 8 जीबीची ईएमएमसी फ्लॅश होती. फ्लॅशवर लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते. रोजच्या लिखाणाने ती झिजली, पडदे बंद पडले, मागचा कॅमेरा दिसेना, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. प्रोसेसर ठणठणीत होता!

मेमरी घेताना हात आखडू नये, याचा दाखला देशातच आहे. एथरच्या 450 एक्स स्कूटरच्या डॅशबोर्डमागे स्नॅपड्रॅगन 212 आणि 1 जीबी रॅम होती. 2022 च्या तिसऱ्या पिढीत ती 2 जीबी केली. एवढ्या मोठ्या कंपनीला पुढच्या पिढीत दुरुस्ती परवडते. पन्नास यंत्रं विकणाऱ्याचा पहिला बोर्डच शेवटचा ठरू शकतो.

आता उरतो बाजार. 2021-22 च्या चिपटंचाईत एसटीएम 32 चे साधे नग मूळ दराच्या कित्येक पटींनी विकले गेले, आणि रास्पबेरी पायने ऑक्टोबर 2021 मध्ये पहिल्यांदाच किंमत वाढवली. टॅबलेट किंवा टीव्ही बॉक्ससाठी बनलेली स्वस्त चिप दोन-तीन वर्षांत बाजारातून जाऊ शकते; एनएक्सपीसारखे उत्पादक औद्योगिक चिपसाठी 10 ते 15 वर्षांचा पुरवठा जाहीर करतात. केंद्राचं यंत्र तेवढं चालायलाच हवं, त्यामुळे किमतीतला फरक डोळे झाकून मोजावा. तापमानाची श्रेणीही वाचावी: साधा नग 70 अंशांपर्यंत, औद्योगिक 85 पर्यंत. मे महिन्यात धाराशिवकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद पत्र्याच्या डब्यात आणखी चढतो. डेव्हलपमेंट बोर्ड एसीच्या खोलीत ठेवून पास करण्यापेक्षा एप्रिलातच केंद्रावर न्यावा, दोन्ही वेळचं दूध होईपर्यंत चालू ठेवावा, मधेच प्लग उपटावा आणि ओल्या बोटांनी ‘कृष्णा’ टाइप करून बघावं.