गेट चावतं

शिरूर, मंगळवार

चि. अमोल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. हसत म्हणाली, "चिऊ काय म्हणते ठाऊक आहे? आजी, गेट चावतं." तिला गंमत वाटली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. लगेच तुला फोन करून गेटवरच्या दिव्यांच्या लाइनचा एमसीबी पाडायला लावला. तू पाडलास, पण वर म्हणालास, "मामा, दोन सेन्सरचे दिवे तर लावलेत, एवढं काय?" त्या "एवढं काय"ने मला झोप लागली नाही.

अरे, गेट चावत नाही, गेटात करंट उतरतो. दिव्याची पत्र्याची बॉडी तू थेट गेटच्या लोखंडी खांबाला आवळलीस. अर्थिंगची हिरवी वायर कुठे लावायची कळेना म्हणून छाटलीस. जोडाला नुसती टेप, वर जुलैचा पाऊस. तुझ्या पायात चप्पल असते. ती पोर ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून गेटला झोके घेते.

एमसीबी आहे म्हणतोस. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. त्यासाठी आरसीसीबी लागतो. ३० मिलिअँपिअर गळती झाली की तो पडतो. आणि आधी अर्थिंग. तुमच्या मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा मी स्वतः मीठ-कोळसा भरून केला होता. त्यावर तुम्ही फरशी घातलीत, तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

तुझ्या सुरेशमामाची उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. मशिनीत गेली होती असं तुम्हा मुलांना सांगितलं. ते खरं नाही. तुमची खराडी १९९७ साली महापालिकेत गेली, त्याच्या आधीची गोष्ट. गावठाणात एका घराचं वायरिंग करत होतो. तो शिडीवर, मी खाली. "बंद केलंय," मी म्हणालो. बटण बंद केलं होतं, मेन नाही. बटण न्यूट्रलवर होतं, होल्डरात फेज तशीच जिवंत. दोन मिनिटं वाचवायला मी टेस्टर लावला नाही. सुरेश आजवर मला एका शब्दाने बोलला नाही, आणि मी परवाना खिशात घालून तीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं.

म्हणून रागावलो. दिवे लावलेस ते चुकलं नाही रे. सूनबाई ईऑन आयटी पार्कमधून रात्री दीडला घरी येते, गल्लीतल्या खांबावरचा दिवा महिनाभर बंद. २०१९ साली नदीपलीकडे केशवनगरात बिबट्या शिरला, तेव्हापासून मोबाइलवर कुणीही बिबट्याचा फोटो टाकला की ताई खिडक्या लावून बसते. दारात पाऊल पडताच उजेड व्हावा, हे तुला सुचलं याचं मला कौतुक आहे.

फक्त जागा बदलू. हा सेन्सर अंगाची ऊब हेरतो. ऊब डावीकडून उजवीकडे सरकली की चटकन पेटतो, सरळ समोरून येणाऱ्याला उशिरा ओळखतो. गेटवर रस्त्याकडे तोंड करून लावलास, म्हणून प्रत्येक स्कूटरला पेटतो आणि शेजारी वैतागतात. पोर्चच्या स्लॅबखाली भिंतीवर घेऊ, सात-आठ फुटांवर, पायवाटेला आडवा. पाणी लागणार नाही, जोड बंद डब्यात राहतील. लोखंडी खांबाला काही लावायचं नाही. आणि हिरवी वायर मी माझ्या हाताने जोडणार.

काल फोनवर आवाज चढला, मनाला लावून घेऊ नकोस. दाजी गेल्यापासून घरातली खिळा-हातोडीची कामं तू एकट्याने शिकलास, विचारायला कुणी नव्हतं. मी पन्नास किलोमीटरवर असून नव्हतो. लहानपणी माझी पिशवी धरून मागे मागे फिरायचास, तेव्हा तुला टेस्टर हातात द्यायला हवा होता. या खेपेला माझा जुना टेस्टर तुझ्यासाठी आणतो.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो, खराडी बायपासला उतरेन. शिडी लाकडी मिळाली तर बघून ठेव. चिऊला सांग, मामाआजोबा गेटचे दात काढायला येतायत. तोवर तिला गेटजवळ जाऊ देऊ नकोस, आणि तो एमसीबी वर करू नकोस.

तुझा,
मामा