‘टीममध्ये काम केलंय का?’ या प्रश्नाला लगेच ‘नाही’ म्हणू नका



धंदा काढायचाय, मग नोकरीच्या मुलाखतीची तयारी कशाला, असं काहींना वाटेल. पण शिरवळला किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत वर्ष-दोन वर्षं काम करायचं, खरेदी, माल, उधारी, माणसं समजून घ्यायची आणि मग स्वतःचं शटर उघडायचं, हा माझ्या मते शहाणपणाचा रस्ता आहे. शिवाय उद्या पहिला हेल्पर ठेवाल तेव्हा हाच प्रश्न तुम्ही विचारणार आहात.

सरावाला बसवलं की दोन उत्तरं ठरलेली. “नाही सर, मी फ्रेशर आहे.” नाहीतर, “हो सर, मी चांगला टीम प्लेअर आहे.” पहिलं बहुतेक वेळा खरं नसतं आणि दुसऱ्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

खरं का नसतं? २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. तीनच तालुके होते: वरुड, अंबाजोगाई आणि आपला कोरेगाव. पहिलं बक्षीस कोरेगावच्या वेळू गावानं घेतलं. २०१८ ला माणमधल्या टाकेवाडीनं. पंचेचाळीस दिवस, भर उन्हाळा, सगळं गाव माळावर. बक्षीस न मिळालेल्या गावांतही माणसं अशीच राबली. त्यात तुम्ही टिकाव-फावडं धरलं असेल, मग तेव्हा शाळेत का असेना, तर तो टीमचाच अनुभव. फक्त तो सांगता आला पाहिजे.

समजा, असं सांगितलं:

“सर, आमचं गाव वॉटर कपमध्ये होतं. आमच्या दहा जणांच्या गटाकडे समतल चरांचं काम होतं आणि ए-फ्रेम लावून आखणी करायचं माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी वाद झाला. काही जण म्हणाले, आखणीत वेळ जातो, नजरेनं खोदू. नजरेनं खोदलेल्या एका चरात मी घागरभर पाणी ओतलं. सगळं पाणी एका टोकाला गेलं. मग ठरलं, दोघांनी आदल्या संध्याकाळी आखायचं आणि सकाळी सगळ्यांनी खोदायचं. त्यानंतर एकही चर बुजवून परत खोदावा लागला नाही.”

मिनिटभराचं उत्तर आहे. काम काय, माझ्या वाट्याला काय, अडलं कुठं, सुटलं कसं, सगळं आलं. आपल्याकडे ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो, म्हणून पोरं सगळं ‘आम्ही केलं’ करून टाकतात. घरात ते शोभतं, पण मुलाखत घेणाऱ्याला दहा जणांना कामावर घ्यायचं नसतं, तुम्हाला घ्यायचं असतं. उलट सगळंच ‘मी’ म्हणाल तर बाकीचे नऊ जण काय झाडाखाली बसले होते का, असं त्याला वाटणार.

आणि वाद लपवू नका. “आमच्यात कधी भांडण झालंच नाही” हे कुणालाच पटत नाही, गणपती मंडळात वर्गणी गोळा केलेल्याला तर नाहीच. फक्त कुणाची उणीदुणी काढत बसू नका. वाद कामावरून होता, एवढंच दिसू दे.

वॉटर कप नसेल तर २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत तेव्हा धान्याची किटं भरणारी, औषधं पोचवणारी कितीतरी पोरं होती. किंवा आईच्या बचत गटाचा हिशेब तुम्ही लिहिता, तेही चालतं.

बचत गटावरून म्हसवडची गोष्ट सांगतो. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण काय तर बऱ्याच महिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढं काय झालं ते चेतना सिन्हा भाषणांतून सांगतात. बायका गट करून पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. वाचता येत नाही हे झाकलं नाही. उलट म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा आणि बघा कोण आधी करतं! १९९७ ला बँक सुरू झाली. येत नाही ते मान्य केलं, येतं ते तपासायला सांगितलं. तुम्हालाही कधी “कंपनीतला अनुभव नाही ना?” असं विचारलं तर “नाही सर” म्हणून थांबू नका. गटाची हिशेबाची वही सोबत न्या, दाखवा.

एका उलटप्रश्नाची तयारी मात्र करून जा: “तुम्ही त्या दिवशी आला नसता तर काय अडलं असतं?” बनवलेलं उत्तर इथंच उघडं पडतं. उद्या माणूस ठेवताना तुम्हीही हाच विचारा.

आज रात्री एकच प्रसंग निवडा आणि मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. दोन मिनिटांच्या वर गेलं तर गावाची माहिती कापा, वादाचा भाग ठेवा. पुढच्या व्हिडिओत ‘पगार किती अपेक्षित?’ हा प्रश्न घेऊ.