फेरो बेटांतील फेर

नकाशांत स्कॉटलंडच्या उत्तरेस, नॉर्वे व आइसलंड यांच्या मधोमध, 18 बेटांचा एक लहानसा पुंजका दिसतो. हींच फेरो बेटें. नांवाचा अर्थ ‘मेंढ्यांचीं बेटें’ असा करतात, व तो शोभतोहि. कारण खडक, गवत, धुकें, वारा आणि मेंढ्या एवढीच तेथली पूर्वापार संपत्ति. झाडें जवळजवळ नाहींत. ऐन हिंवाळ्यांत दिवस पांच तासांचा, बाकी सारी रात्र.

असल्या रात्रीं घरांतील सर्व मंडळी पूर्वी एकाच खोलींत विस्तवाभोंवतीं जमत. कोणी लोंकर पिंजी, कोणी काती, कोणी विणी. आणि हात चालत असतां जुन्या गोष्टी व आपल्या पोवाड्यांसारखीं लांबलचक कथागीतें चालत. जात्यावरची ओवी ज्यांनीं ऐकली आहे त्यांस याचें नवल वाटावयाचें नाहीं. नाताळापासून उपवासकाळापर्यंत याच गीतांवर फेर धरीत, आणि ती चाल अद्यापि आहे.

या फेरास वाद्य एकहि लागत नाहीं. पुरुष, बायका, मुलें हातांत हात घालून कडें करतात. डावीकडे दोन पावलें, मग उजवीकडे एक, असा क्रम. ‘स्किपारी’ म्हणजे म्होरक्या कडवें उचलतो व ध्रुवपद सर्वजण घेतात. अशीं शेंकडों कडवीं त्यास मुखोद्गत असावीं लागतात. जमिनीवर आपटणारीं पावलें हाच मृदंग. लढाईचा प्रसंग आला कीं ती दणाणूं लागतात, शोकाचा आला कीं हळुवार पडतात. खोली अपुरी पडली तर कडें आंतल्या आंत वळसे घेतें, आणि मग प्रत्येकास प्रत्येकाचें तोंड दिसतें. मध्ययुगांत असा फेर युरोपांत पुष्कळ ठिकाणीं होता. इतरत्र तो बहुतेक लोपला.

परंतु या गाण्यांनीं केलेलें मोठें काम वेगळेंच आहे. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर तेथें देऊळ, कचेरी व शाळा यांची भाषा डॅनिश झाली. फेरोची बोली लिहिण्याची वहिवाट मोडली, आणि ती राहिली ती लोकांच्या तोंडीं व फेरांत. ही भाषा आतां फार दिवस टिकत नाहीं असें वाटून येन्स क्रिश्चन स्वाबो या तेथल्याच विद्वानानें 1781-82 सालीं गीतें उतरून घेतलीं. पुढें 1817 मध्यें लिंगब्यू नांवाचा डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ समुद्रशैवाल जमवावयास आला आणि शैवालाबरोबर पोवाडेहि घेऊन गेला! त्यानें 1822 सालीं छापलेलें वीर सिगुर्दच्या गीतांचें पुस्तक हें त्या भाषेंतील पहिलें मुद्रित पुस्तक होय. 1846 मध्यें हामर्सहाइंब यानें लेखनपद्धति घालून दिली. 1930 नंतरच्या दशकांत शाळा व देऊळ यांची दारें भाषेला उघडलीं. आणि 1948 च्या स्वराज्याच्या कायद्यानें ती बेटांची मुख्य भाषा ठरली.

हीं गीतें निव्वळ जुन्या राजांचीं नव्हत. नोल्सोय बेटाचा पॉल हा खलाशी सरकारी व्यापारी मक्त्याविरुद्ध झगडत होता. 1806-07 च्या सुमारास त्यानें पक्ष्यांचें एक गीत रचलें. त्यांत अंमलदार हे ससाणे, रयत म्हणजे लहान पांखरें, आणि लांब चोंचीचा ‘चाल्दुर’ त्यांना ओरडून सावध करतो. हा चाल्दुर आज फेरोचा राष्ट्रीय पक्षी आहे. मक्ता मात्र 1856 मध्यें उठला. तें पाहावयास पॉल नव्हता, तो पूर्वींच समुद्रांत नाहींसा झाला होता. ट्यूर नांवाच्या तेथील तरुण वादकांनीं 2002 सालीं फेराचें एक जुनें गीत विजेच्या गिटारीवर बसविलें. वृद्धांना तें कितपत रुचलें असेल कोण जाणे!

नाचाची आवड तेथें सीलांनाहि आहे, असें लोककथा सांगते. आपण होऊन समुद्रांत जीव दिलेलीं माणसें सील होतात. वर्षांतून एका रात्रीं तीं कातडीं उतरून किनाऱ्यावर नाचतात. कल्सोय बेटावरील मिक्लादालूर गांवच्या एका तरुणानें एका सीलकन्येचें कातडें लपवून तिच्याशीं संसार थाटला. कातडें पेटींत आणि किल्ली कमरेला. एके दिवशीं तो मासेमारीस गेला, किल्ली घरीं विसरली, व ती समुद्रांत परत गेली. पुढें गांवकऱ्यांनीं तिचा सील नवरा व पिल्लें मारलीं, तेव्हां तिनें शाप दिला: हातांत हात धरून कल्सोयला वेढा घालतील इतके पुरुष मरेपर्यंत या गांवचे लोक बुडत राहतील. तिचा पुतळा 2014 पासून त्या किनाऱ्यावर उभा आहे. 2015 च्या आरंभीं एक प्रचंड लाट त्याच्या डोक्यावरून गेली, पण पुतळा जागचा हलला नाहीं.