घरातल्या मायक्रोग्रीन्ससाठी ट्यूबलाइट कुठली? आधी तीन आकडे वाचायला शिका



मायक्रोग्रीन्सचं रॅक लावायचं ठरलं की पहिली अडचण येते ती उन्हाची. खोली आहे, ट्रे आहेत, बी आहे, पण खिडकी चुकीच्या दिशेला. मग माणूस ऑनलाइन शोधतो आणि जांभळ्या उजेडाची महागडी 'ग्रो लाइट' समोर येते. ती मागवण्याआधी हा लेख पूर्ण वाचा.

घरात जुनी ट्यूबलाइट असेल तर तिच्या टोकाजवळचा छापील मजकूर बघा. ३६ वॅटच्या पुढे ८६५, ८४०, ८३० किंवा ८२७ असा आकडा असतो. पहिला ८ म्हणजे रंग दाखवण्याची क्षमता ऐंशीच्या घरात, बऱ्यापैकी चांगली. पुढचे दोन आकडे प्रकाशाचा रंग सांगतात: ६५ म्हणजे ६५०० केल्विन, ३० म्हणजे ३००० केल्विन. इलेक्ट्रिकच्या दुकानात ६५०० ला 'पांढरी' म्हणतात आणि २७००-३००० ला 'पिवळी'. बस, एवढंच कोडं आहे. ७६५ दिसली तर ती जुन्या पद्धतीची ट्यूब. चालते, पण प्रकाश कमी देते.

आता रोपाला काय हवं? पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा भाग जास्त असतो. निळ्या प्रकाशात रोप आखूड, दणकट राहतं, पानं गडद होतात. पिवळीत लाल भाग जास्त असतो. लाल प्रकाश अन्न बनवायला उत्तम, पण निळा कमी पडला की रोप उंच, काटकुळं होतं. 'हिरवा प्रकाश रोपाला लागतच नाही' असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचणारा प्रकाश बराचसा हिरवाच असतो, आणि रोप तो वापरतं.

म्हणून मोहरी, मुळा, मेथी असा पाल्याचा माल करणार असाल तर ८६५ घ्या. संपला विषय. आफ्रिकन व्हायोलेटसारखी फुलझाडं विकायची असतील तर एक पांढरी आणि एक पिवळी अशी जोडी लावा. हौशी लोक कित्येक वर्षं तेच करत आले आहेत. टोमॅटो-मिरचीची रोपं ट्यूबखाली तयार होतील, फळं मात्र धरू नका. तेवढी ताकद या प्रकाशात नाही. आणि जांभळी ट्यूब? तिच्याखाली रोप वाढतं, नाही असं नाही. पण त्या उजेडात पिवळं पडलेलं पान किंवा बुरशीची सुरुवात डोळ्याला दिसत नाही. विकायच्या मालावर तो धोका कशाला घ्यायचा? केळीच्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळांनीही वर्षानुवर्षं साध्या पांढऱ्या ट्यूबवरच रोपं वाढवली.

रंगापेक्षा जास्त माल बिघडतो तो अंतरामुळे. छताला लावलेली ट्यूब माणसासाठी असते, रोपासाठी नाही. ट्यूब फार तापत नाही, त्यामुळे ती पानांपासून १५-२० सेंटीमीटरवर आणता येते. रॅकच्या वरच्या फळीला खालून पट्ट्या ठोका, आतून पांढरा रंग द्या.

हिशेब बघा. ४ फूट बाय २ फूट फळीवर १० बाय २० इंचाचे ४ ट्रे बसतात. वर ३६ वॅटच्या ४ ट्यूब. एक ट्यूब साधारण ३२५० ल्युमेन, म्हणजे एकूण १३,०००. त्यातला ६० टक्के खाली पोचला असं धरलं तर साधारण १०,००० लक्स. पांढऱ्या ट्यूबसाठी लक्सला ७४ ने भागा, रोपाच्या भाषेतला आकडा मिळतो: इथे १४० च्या आसपास. मायक्रोग्रीन्सला १०० ते २०० पुरतं. मोबाइलवरच्या लक्स अॅपने मोजून बघा, ढोबळ अंदाज नक्की येतो. दोनच ट्यूब लावल्यात तर आकडा निम्म्यावर येईल आणि रोपं माना टाकायला लागतील. असा माल शेफ एकदा घेतो, दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण धंदा इथे टिकतो किंवा बुडतो. ४ ट्यूब, इलेक्ट्रॉनिक चोक, रोज १४ तास: सुमारे २ युनिट. म्हणजे एका ट्रेला रोज अर्धा युनिट. बी रुजताना पहिले दोन-तीन दिवस ट्रे झाकलेलाच असतो, तेव्हा लाइट जाळू नका. उरलेले ६ दिवस धरले तर ट्रेमागे ३ युनिट. दर १० रुपये धरा, ३० रुपये झाले. जुना तांब्याचा चोक असेल तर प्रत्येक ट्यूबमागे १० वॅट आणखी. तुमच्या ट्रेमधून किती ग्रॅम माल निघतो आणि तो कितीला जातो, त्यात हे ३० रुपये बसतात का, ते आधी कागदावर मांडा. महिन्याला साधारण ६० युनिट वाढले तर घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं का, तेही बघा. व्यावसायिक वापराचा दर वेगळा असतो, तेव्हा महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

पट्ट्या घरात पडून असतील तर त्या वापरा. नवीन खरेदी असेल तर मी १८-२० वॅटची ६५०० केल्विनची साधी एलईडी ट्यूबच घ्यायला सांगेन. केल्विनचा नियम तोच, प्रकाश सगळा खालीच पडतो, आणि २० वॅट धरले तर ट्रेमागचा खर्च साधारण १७ रुपयांवर येतो. शिवाय जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. मिनामाटा कराराच्या २०२३ च्या निर्णयानुसार त्यांचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबायचं आहे, म्हणजे पुढे बदली ट्यूब मिळणं अवघड होईल. त्या वापरत असाल तर टोकं काळी पडायची वाट बघू नका. रोज १४ तास चालणारी ट्यूब वर्षभरात मंदावते, डोळ्याला ते कळत नाही. लावल्याच्या दिवशी पट्टीवर मार्करने तारीख लिहा. फुटली तर खिडक्या उघडा, झाडूने झाडू नका, काचा पुठ्ठ्याने गोळा करून बंद डब्यात ठेवा, आणि त्या ट्रेमधला माल विकू नका.