आधी अंगण, मग अक्षर

वाचकहो, पाच-सहा वर्षांच्या लेकराला शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा या पाठाचा विषय आहे. प्रश्न लहान दिसतो, पण तसा तो नाही. ‘मला काही येत नाही’ अशी गाठ या वयात मनात बसली, तर ती पुढे सुटता सुटत नाही.

सिद्धांत एवढाच की, मूल शिकत नसेल तर शिकवणाऱ्याने आधी आपली जागा बदलावी.

दृष्टांत आपल्याच मुलखातला आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या जोडीला होत्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले तिकडे येईनात. ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही’ असे म्हणून कोणीही स्वस्थ बसला असता. बाई बसल्या नाहीत. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुले जमवली. हीच अंगणवाडी! साधनांना पैसा नव्हता, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मोजायला, जुळवायला, लहानमोठे ओळखायला आणखी काय लागते?

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत गेले. तिथली पोरे गुरे चारायला जात, म्हणून शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड, मग ती शाळेत येणार कशी? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. आता विचार करा. कोणाला वस्तीची वेस आडवी आली, कोणाला गुरे, कोणाला भावंड. यांत बुद्धीची अडचण एक तरी आहे काय?

शंका : धाकावाचून पोर शिकते का हो?

समाधान : धाकाने पोर पाठ म्हणून दाखवील, पण अडले तर विचारणार नाही. विचारणे थांबले की शिकणे थांबले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मुलाचा मानसिक छळ करणे, दोन्ही मना केले आहे. पण ‘हा ढच आहे’ हा शब्द घरातही निघतो, आणि तो छडीपेक्षा खोल लागतो.

शंका : मग नुसते लाडच करायचे?

समाधान : नव्हे. बालवाडीत आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे आणि मग खेळ. शिस्त आहेच, पण ती हात धरून लावलेली.

आता आचरणाचे तीन नेम सांगतो.

पहिला, अक्षराआधी वस्तू. पाच चिंचोके हातात येऊ द्या, मग पाचाचा आकडा पाटीवर काढा.

दुसरा, मुलाच्या घरच्या बोलीला हसू नका. ते ज्या शब्दाने आईला हाक मारते, तिथूनच पुस्तकाच्या भाषेकडे वाट जाते. ती वाट बुजवली तर पोर मुके होते.

तिसरा, रोज थोडा वेळ मागे राहिलेल्या एका मुलाजवळ बसा. हुशार मुले तुमच्यावाचूनही पुढे जातील, याचे तसे नाही.

दिंडीत कोणी मागे पडला तर आपण त्याला नालायक म्हणत नाही. पाय दुखतो का, ओझे जड झाले का, हे विचारतो. शाळेच्या वाटेवरही तेच करावे. आपल्या वाडीत शाळा सोडलेले एखादे पोर असेलच. उद्या त्याच्या घरी जाऊन अडचण विचारा, आणि ती दूर करण्यात आपला हात किती लागेल तेवढा लावा.