फवारणी, धोतरा आणि इन्हेलर

२०१७ सालचा खरीप यवतमाळ जिल्हा सहजी विसरणार नाही. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली. कित्येक शेतांत ती माणसाच्या डोक्यावर गेली. किडीचा जोर होता, म्हणून फवारण्याही वाढल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि जिल्ह्यात सुमारे वीस जण दगावले. अनेकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार झाले.

त्या वेळी वापरात असलेल्या कीटकनाशकांत प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील रसायने होती. या गटाची बाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती घरघरते. डॉक्टर त्याला अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. आता गंमत पाहा. हे अ‍ॅट्रोपिन आपल्या बांधावरच्या, काटेरी फळाच्या धोतऱ्यात असते. आणि दम्याच्या व जुनाट खोकल्याच्या काही रोग्यांना जो इन्हेलर देतात, त्यातील इप्राट्रोपियम हे याच अ‍ॅट्रोपिनचे भावंड! शेतातले विष, बांधावरची विषारी वनस्पती आणि खिशातले औषध यांचा संबंध काय?

उत्तर शोधण्यासाठी १९२१ सालात जाऊ. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाचे एक हृदय मिठाच्या द्रावणात ठेवले व त्याची चेता उत्तेजित केली. हृदयाचे ठोके मंदावले. मग तेच द्रावण त्याने दुसऱ्या हृदयावर सोडले. त्या हृदयाच्या चेतेला कोणी हातही लावला नव्हता, तरी त्याचेही ठोके मंदावले! म्हणजे चेता स्नायूला विजेच्या तारेसारखा धक्का देत नाही. ती एक रसायन सोडते. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन आहे हे पुढे निश्चित झाले आणि १९३६ साली लोवी व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चेतेचे टोक व स्नायू यांमध्ये अतिसूक्ष्म फट असते. अ‍ॅसिटिलकोलीनचे रेणू ती ओलांडून पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांवर जाऊन बसतात. या प्रथिनांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. ग्राही हे कुलूप आणि अ‍ॅसिटिलकोलीन ही किल्ली. श्वासनलिकेच्या स्नायूंवर या किल्लीची जी कुलपे आहेत त्यांना मस्करिनिक ग्राही म्हणतात. ती उघडली की स्नायू आकसतो, नळी अरुंद होते, कफ पाझरतो.

जो पदार्थ कुलपात बसून ते उघडतो, त्याला अ‍ॅगोनिस्ट म्हणजे उद्दीपक म्हणतात. जो नुसता बसून राहतो, कुलूप उघडत नाही आणि खऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही, तो अँटॅगोनिस्ट म्हणजे अवरोधक. अ‍ॅट्रोपिन हा अवरोधक आहे.

मग कीटकनाशक कोण? उद्दीपक असे तुम्ही म्हणाल, पण नाही. ते या कुलपाच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. किल्लीचे काम झाल्यावर तिचे तुकडे करणारे एक विकर तेथे असते, अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज. त्याचा एक रेणू एका सेकंदात अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो. ऑर्गॅनोफॉस्फरस याच विकराला चिकटून त्याला निकामी करते. झाडणाराच आजारी पडला की घरात जसा केर साचावा, तशा किल्ल्या साचतात, आणि कुलपे उघडीच राहतात. लाळ, घाम, घरघर ही सारी त्याचीच लक्षणे.

येथे अ‍ॅट्रोपिनचे प्रमाण का वाढवावे लागते तेही कळेल. एकाच कुलपासाठी दोन किल्ल्यांची चढाओढ आहे. जिची संख्या अधिक तिची सरशी. एरवी ०.६ मिलिग्रॅम पुरणारे औषध या रोग्याला काही मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पाच मिनिटांनी दुप्पट करीत, छातीतील घरघर थांबेपर्यंत द्यावे लागते. परंतु हातापायांच्या व श्वासाच्या स्नायूंवरील कुलपे निराळ्या घडणीची, निकोटिनिक जातीची असतात. तेथे अ‍ॅट्रोपिन बसत नाही. म्हणून छाती कोरडी झाली तरी श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात व रोग्याला कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागते. शिवाय सगळ्याच कीटकनाशकांचा मार्ग हा नव्हे. काहींवर उतारा असा नाहीच. रोग्याबरोबर औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात नेली तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

आता इन्हेलरकडे. दमेकऱ्याची श्वासनलिका दोन प्रकारे सैल करता येते. एक, आकसवणारे कुलूप बंद ठेवायचे. हे काम इप्राट्रोपियम व टायोट्रोपियम करतात. दुसरा, त्याच स्नायूवर सैल करणारे एक वेगळे कुलूप आहे, बीटा-२ ग्राही, ते उघडायचे. हे काम साल्बुटामॉलचे. (स्टेरॉइडचे इन्हेलर सूज हळूहळू उतरवतात, दम लागला त्या क्षणी त्यांचा उपयोग नाही.)

मग धोतऱ्याच्या पानांचा धूर का घेऊ नये? पूर्वी आपल्याकडे घेत असत, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्येही ती पद्धत गेली. पण पानात औषध किती हे कोणाला ठाऊक? शिवाय अ‍ॅट्रोपिन रक्तातून मेंदूत शिरते आणि माणूस बरळू लागतो. रसायनशास्त्रज्ञांनी युक्ती केली. अ‍ॅट्रोपिनच्या रेणूतील नायट्रोजनला एक जादा गट जोडून त्यावर कायमचा धन विद्युतभार आणला. भारित रेणूला पेशीचे स्निग्ध आवरण सहज ओलांडता येत नाही. तो फुप्फुसातच काम करीत राहतो. तेच इप्राट्रोपियम. विद्युतभाराचा इतका सुरेख उपयोग क्वचितच आढळतो!

थेट फुप्फुसात औषध दिल्याने मात्राही घटते. साल्बुटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, तर इन्हेलरची एक फवारणी १०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे चाळीसावा भाग. मात्र थेंब १ ते ५ मायक्रॉन व्यासाचे हवेत. मोठे थेंब वळण घेऊ शकत नाहीत, घशावरच आदळतात. म्हणून लहान मुलांना इन्हेलरपुढे स्पेसर नावाची पोकळ नळी लावून देतात. मोठे, वेगवान थेंब तेथेच अडकतात.

शेतातल्या पंपाचे बहुतेक थेंब १०० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असतात. ते फुप्फुसात खोल जात नाहीत, पण अंगावर, कपड्यांवर पडतात, आणि ही विषे कातडीतूनही शरीरात शिरतात. फवारणाऱ्याच्या शरीरात विष जाते ते मुख्यतः याच वाटेने. कपाशी डोक्यावर गेली की पंपाची तोटी वर धरावी लागते व फवारा तोंडावर, छातीवर उतरतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही ते यामुळे. भिजलेला सदरा ताबडतोब उतरवून अंग साबणाने धुवावे लागते.

लहान थेंबांची गोष्ट आणखी वेगळी. १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे पाव मीटर खाली येतो. ५ मायक्रॉनचा मात्र सेकंदाला जेमतेम पाऊण मिलिमीटर. बारीक थेंबांचा पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम. आता तुम्हीच हिशेब करा. २० मायक्रॉनचा थेंब दीड मीटर उंचीवरून सुटला, वारा सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत आहे आणि थेंब वाटेत सुकला नाही असे धरा. व्यास चौपट, म्हणून वेग सोळापट, म्हणजे सेकंदाला १२ मिलिमीटर. जमिनीवर यायला त्याला १२५ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात तो २५० मीटर दूर, शेजाऱ्याच्या शेतात पोचलेला असेल.