आकाशदर्शनाचे मुक्त सॉफ्टवेअर आणि आपला हातभार



विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्षूंकडे चोर आले. त्यांनी पाणी मागितले, विस्तव मागितला, आज कोणते नक्षत्र आहे, ही दिशा कोणती, असे विचारले. भिक्षूंना यातले काहीच देता वा सांगता आले नाही. तेव्हा हे अरण्यवासी नव्हेतच, हे चोर आहेत, असे म्हणून त्या चोरांनी त्यांनाच बदडले! ही हकीकत कळल्यावर तथागतांनी सांगितले की, अरण्यवासी भिक्षूने पाणी व विस्तव तयार ठेवावा, नक्षत्रांची स्थाने शिकावीत आणि दिशा ओळखाव्यात. दुसरीकडे दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे व नक्षत्रे यांवरून भाकिते सांगून पोट भरणे भिक्षूंना वर्ज्य ठरविले आहे. म्हणजे आकाश जाणण्यास आडकाठी नव्हती. त्याचा धंदा मांडण्यास होती.

आपण मुहूर्ताचा धाक टाकून दिला, हे योग्यच झाले. पण त्याच्यासोबत नक्षत्रांची ओळखही आपल्या घरांतून गेली, असे आम्हास वाटते. ती परत मिळविण्याचे एक साधन आज कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाताशी आहे. त्याचे नाव स्टेलॅरियम. फाबिएँ शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते लिहावयास घेतले, आणि पुढे निरनिराळ्या देशांतील लोकांनी त्यात भर घालीत ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती काढली. संगणकाच्या पडद्यावरचे हे तारांगणच होय. गाव, तारीख, वेळ सांगितली की तेथले आकाश समोर येते.

अभ्यासवर्गात आम्ही प्रथम १२ मे २०२५ ची बुद्धपौर्णिमा लावून पाहतो. त्या रात्री सुमारे साडेदहा वाजता चंद्र सूर्याच्या बरोबर समोर आला, तेव्हा तो तूळ राशीच्या ताऱ्यांत, विशाखा नक्षत्राच्या भागात होता. वैशाख हे नाव कोठून आले, ते मुलांना डोळ्यांनी दिसते, पंचांग उघडावे लागत नाही. मात्र बुद्धकाळात जाताना एक सावधगिरी हवी. हे सॉफ्टवेअर खगोलशास्त्राच्या पद्धतीने शून्य हे वर्ष मोजते. इसवी सनापूर्वी ५०० पाहायचे तर उणे ४९९ लिहावे लागते. हे ठाऊक नसले की एका वर्षाची चूक ठरलेली.

असेच एकदा पाहत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "हे सगळं कुणी भरलं? आणि आपलं काही त्यात घालता येतं का?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

येते. स्टेलॅरियम हे जीपीएल या परवान्याखाली दिलेले आहे. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो व वाटता येतो. अट इतकीच की, बदललेली प्रत वाटताना तीही तशीच खुली ठेवावी. मुख्य भाग सी प्लस प्लस या भाषेत आहे. ती भाषा येणाऱ्यांनी थेट प्रोग्रामात भर घालावी. परंतु ती न येणाऱ्यासही दारे आहेत. ट्रान्सिफेक्स या सेवेवर भाषांतर करता येते, आपल्या परिसराचे क्षितिज तयार करता येते आणि आपल्या लोकांची तारकानावे देता येतात.

क्षितिजाचे महत्त्व अजिंठ्यावरून कळेल. तेथील १९ व २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांची दिशा अयनदिनांच्या सूर्योदयाशी जुळते, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते तपासायचे कसे? व्हिएन्नाचे ग्योर्ग झोटी यांनी स्टेलॅरियममध्ये आर्किओलाइन्स नावाची जोड दिली आहे. ती अयनदिनांचे सूर्यमार्ग रेघांनी दाखविते. अजिंठ्याच्या अक्षांशावर सपाट क्षितिज धरले, तर २१ जूनच्या सुमारास सूर्य पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. पण अजिंठा दरीत आहे. समोर डोंगर आहे. सूर्य डोंगरावर येईपर्यंत तो बाजूला सरकलेला असतो. तेव्हा सपाट क्षितिजावरचे उत्तर तेथे उपयोगाचे नाही. त्या जागी उभे राहून चहूकडचे छायाचित्र घ्यावे, उत्तर दिशा नीट जुळवावी, अक्षांश-रेखांश एका छोट्या फाइलीत लिहावेत, म्हणजे स्टेलॅरियममध्ये खऱ्या डोंगरामागून सूर्य उगवतो. हे काम दहावीची मुलेही करू शकतील. उत्तर दिशा मात्र होकायंत्रावर विसंबून ठरवू नये, लोखंडाजवळ ते फसते. सूर्याची किंवा ताऱ्याची जागा पाहून जुळवावी.

आता तारकानावांविषयी. स्टेलॅरियममध्ये निरनिराळ्या समाजांची आकाशे आहेत, त्यांस तेथे स्काय कल्चर म्हणतात. ज्यांना आपण सप्तर्षी म्हणतो, त्या सात ताऱ्यांना क्रतू, पुलह, पुलस्त्य इत्यादी ऋषींची नावे आहेत. पण विदर्भातील गोंड वस्त्यांत मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी माहिती गोळा केली (त्यांचा लेख २०१३ साली प्रसिद्ध झाला), तेव्हा त्याच चार ताऱ्यांची खाट आणि मागच्या तिघांत ती पळविणारे चोर, असे ऐकावयास मिळाले. मराठी खेड्यांतही या ताऱ्यांना बाजले म्हणणारी म्हातारी माणसे भेटतात. ऋषींची नावे ग्रंथांत आहेत, ती कोठे जात नाहीत. बाजले म्हणणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

ही खाट संगणकाला सांगायची रीत सोपी आहे. हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहाच्या सूचीत १,१८,२१८ ताऱ्यांना क्रमांक आहेत. रेघ ओढायची तर त्या क्रमांकांची रांग लिहावयाची. खाटेचे चार खूर असे: ५४०६१, ५३९१०, ५८००१, ५९७७४ आणि पुन्हा ५४०६१. झाली खाट. मृगाच्या पट्ट्यातील तीन तारे २५९३०, २६३११, २६७२७. अशी आकृत्यांची एक फाइल, आणि दुसऱ्या फाइलीत वर्णन: हे लोक कोण, नाव कोणी सांगितले, आधार कोणता, लिहिणारे कोण, परवाना कोणता.

ही दुसरी फाइलच अवघड आहे, आणि आमच्या मते खरे काम तिचेच. स्टेलॅरियममध्ये प्रत्येक आकाशावर ते कोणत्या प्रकारचे आहे याची खूण असते: पारंपरिक, ऐतिहासिक, लोकांत जाऊन नोंदविलेले, की कोणी स्वतः रचलेले. आमच्यातील काही उत्साही तरुणांची इच्छा होती की, एक 'बौद्ध आकाश' करून पाठवावे; अश्विनीच्या जागी अमुक, रोहिणीच्या जागी तमुक. आम्ही त्यांना थांबविले. मनाने रचलेले आकाश तेथे चालते, पण ते रचलेले म्हणूनच नोंदले जाते. त्याला परंपरा म्हणणे ही लबाडी होईल. पालीत कत्तिका, रोहिणी, मिगसिर, फुस्स, विसाखा ही नावे खरोखरच आहेत. त्यांची यादी आधारासह देता येईल. मात्र कोणते नाव नेमक्या कोणत्या ताऱ्याचे, हे प्रत्येक ठिकाणी पुराव्याने दाखवावे लागेल, आणि जेथे पुरावा नाही तेथे जागा रिकामी सोडावी लागेल.

पाठविण्याची पद्धत अशी. काम गिटहब या ठिकाणी चालते. प्रथम तेथे आपला विचार मांडावा, कदाचित तो दुसऱ्याने आधीच मांडला असेल. मग मूळ मजकुराची आपली प्रत काढून तीत बदल करावा व तो बदल स्वीकारावा अशी विनंती पाठवावी. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. सांभाळणारी मंडळी ओळ न् ओळ वाचतात, शंका विचारतात, कधी परत पाठवितात. हा अपमान समजू नये. एका विनंतीत एकच बदल ठेवावा. भाषांतर, क्षितिज व आकृत्या एकत्र बांधून पाठविल्यास वाचणाराचे काम वाढते आणि आपलेही अडते.

येत्या वर्षावासात आम्ही नावे गोळा करण्याचे ठरविले आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा ताऱ्यांची नावे सांगतात, त्या मुलांनी ती त्यांच्याच शब्दांत लिहावीत. शुद्ध करू नयेत. सांगणाऱ्याचे गाव, कोणत्या महिन्यात व रात्री किती वाजता बोट दाखविले, ते लिहावे. सांगणाऱ्याची संमतीही विचारावी. दोन घरांत दोन नावे आली तर दोन्ही ठेवावीत. वह्या विहाराच्या ग्रंथालयात द्याव्यात. ताऱ्यांचे क्रमांक शोधण्याचे काम आपण सर्व मिळून करू.